कर्करुग्णांसाठी महाविद्यालयात निधी उभारताना

कर्करोगासाठी मदतनिधी गोळा करण्याची कल्पना आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आता नवी राहिलेली नाही. ७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन किंवा ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिन जवळ आला की प्रभातफेरी निघते, फलक रंगविले जातात, वर्गावर्गांतून डबा फिरतो. डबा फिरल्यानंतर त्या पैशाचे काय झाले, हे मात्र पैसे टाकणाऱ्यांपैकी शंभरात दहा जणांनाही सांगता येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. निधी कशासाठी, तो कोणाच्या हाती द्यायचा, तो कसा गोळा करायचा आणि त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हे सोसायटीच्या सभासदांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना माहीत असावे, एवढाच हेतू आहे.

आपल्या शहराचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, याबाबतीत एक भाग्य आहे. आमखास मैदानालगत शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झाले व पुढे त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी मराठवाड्यातील रुग्णाला मोठ्या उपचारासाठी बहुधा बार्शी किंवा मुंबई गाठावी लागे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून परळला उभे आहे. पण परळला जाणे म्हणजे केवळ रेल्वेचे तिकीट काढणे नव्हे. राहायचे कोठे, जेवायचे काय, मागे राहिलेली मुले कोणाकडे ठेवायची, हे सारे त्यात आले. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कितीतरी रुग्ण व त्यांचे नातेवाईक तिच्या आधाराने तेथे दिवस काढतात. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली, त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या धर्मशाळेत आज कर्करुग्ण राहतात, ही गोष्ट मिलिंदच्या आवारात शिकलेल्यांनी तरी लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच सोसायटीने १९५० साली या शहरात काढलेले महाविद्यालय म्हणजेच आपले मिलिंद होय.

आता कोणी विचारील की, उपचार जर शासकीय रुग्णालयात होतात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा खर्च भागतो, तर मग आमच्या निधीची गरजच काय? प्रश्न योग्य आहे व तो विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर किरणोपचाराच्या वेळापत्रकात सापडते. ज्याला आपल्याकडे ‘शेक देणे’ म्हणतात ते किरणोपचार बहुतेक रुग्णांना आठवड्यातून पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालतात. प्रत्येक वेळचा उपचार काही मिनिटांचाच असतो. पण त्या काही मिनिटांसाठी जालना, बीड किंवा परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून रुग्णाने रोज यायचे किंवा शहरातच महिना-दीड महिना राहायचे. सोबतीला घरचे एक माणूस लागतेच. ते माणूस मजुरीवर जाणारे असेल, तर त्याची मजुरी बुडते. एस.टी.त व रेल्वेत कर्करुग्णांसाठी भाड्याची सवलत आहे, स्त्रियांना तर मार्च २०२३ पासून एस.टी.चे भाडे निम्मेच पडते. परंतु चहा, जेवण, रिक्षा आणि बुडालेला रोज यांना कोणतीही सवलत नसते. उपचार अर्धवट सोडण्याची वेळ येते ती पुष्कळदा येथे. शेक अर्धवट राहिला तर रोग पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतातच.

थोडे गणित करून पाहू. समजा, एका महाविद्यालयातील १००० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २० रुपये दिले, तर २०,००० रुपये होतात. एका रुग्णाच्या ३० फेऱ्या धरल्या व रुग्ण आणि सोबती मिळून प्रवास-जेवणाला रोज २०० रुपये धरले, तर ६,००० रुपये लागतात. म्हणजे २०,००० रुपयांत तीन रुग्णांचा उपचार तडीला जाऊ शकतो आणि २,००० रुपये शिल्लक राहतात. आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्षात कमी-जास्त होतील. परंतु असे गणित फळ्यावर मांडून दाखविले, तर २० रुपये देणाऱ्या विद्यार्थ्याला आपले पैसे कोठे जाणार हे कळते आणि ‘कर्करोगाविरुद्ध लढा’ अशा मोघम घोषणेपेक्षा त्याला ते अधिक पटते.

संशोधनासाठी निधी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती समजावून घेतल्याशिवाय फलकावर ‘संशोधन’ हा शब्द लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुदैवाने याचे एक मोठे उदाहरण आपल्याच विभागात घडलेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या साहाय्याने, त्या वेळच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा फार मोठा अभ्यास केला. १९९९ साली त्याला आरंभ झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची त्यात नोंद झाली. गावांचे ५२ समूह पाडून ते चार गटांत वाटले गेले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या, तर चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. आठ वर्षे या स्त्रियांचा माग ठेवला गेला. एच.पी.व्ही. या विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गरीब देशांमध्ये स्त्रियांची तपासणी कशी करावी याविषयीच्या विचाराला त्याने नवी दिशा दिली. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी का दिली नाही, अशी टीकाही पुढे झाली. ती टीकाही विद्यार्थ्यांनी वाचावी. ज्यांच्या देहावर ज्ञान उभे राहते ती माणसे बहुधा गरीब असतात, हे विसरून चालणार नाही.

या अभ्यासाला पैसा लागला तो कशाला? उपकरणे व औषधे तर होतीच. पण गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, त्यांची वाहने, नोंदवह्या, घरोघरी जाऊन वर्षानुवर्षे केलेली चौकशी, हा त्यातला फार मोठा भाग होता. बार्शीला ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी १९८७ पासूनच सुरू होती. त्या पायाशिवाय हे काम झाले नसते. अशा कामाला मोठ्या परदेशी देणगीचे बळ मिळाले होते. एका महाविद्यालयाच्या २०,००० रुपयांनी असे संशोधन उभे राहत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. संशोधनाला द्यायचेच असेल, तर ते संशोधन करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या निधीत धनादेशाने द्यावे व देणगीदारांना तसे आधीच सांगावे. रुग्णसाहाय्य म्हणून गोळा केलेला पैसा संशोधनाकडे किंवा संशोधनाचा रुग्णसाहाय्याकडे वळविणे योग्य नाही. एकाच डब्यावर दोन्ही नावे लिहिण्यापेक्षा दोन डबे ठेवावेत.

निधी गोळा करण्याच्या पद्धतीविषयी कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे उदाहरण अजूनही मार्गदर्शक आहे. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने त्याने देशाच्या पूर्व किनाऱ्यापासून धावायला सुरुवात केली. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी जून महिन्यात तो वारला. वय अवघे २२. त्याने मागितले होते ते प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर. १९८१ च्या फेब्रुवारीतच देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले. त्याच्या नावाची दौड पुढे अनेक देशांत सुरू झाली. या दौडीत स्पर्धा नसते, नंबर काढले जात नाहीत आणि आपल्या धावण्याचा उपयोग कोणत्याही मालाच्या जाहिरातीसाठी होऊ नये, असा त्याचा स्वतःचा आग्रह होता.

हा जाहिरातीचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. स्मरणिका, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा यांना जाहिरातींचे पाठबळ लागते, हे आम्हाला मान्य आहे. प्रस्तुत स्मरणिकेसारख्या प्रकाशनांचाही खर्च त्यावरच चालतो. परंतु कर्करोगासाठीच्या कार्यक्रमाला पानमसाला किंवा तंबाखूच्या व्यापाऱ्याचा पैसा घेऊ नये, मग तो कितीही मोठा असो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरीही कित्येक महाविद्यालयांच्या फाटकाशी टपरी असते व त्या टपरीवर कोण उभे असते हेही सर्वांना ठाऊक असते. तोंडाच्या कर्करोगासाठी डबा फिरविणाऱ्या स्वयंसेवकाच्याच गालात पुडी असेल, तर त्याच्या डब्यात कोणी पैसे टाकावेत?

आता कायद्याची बाजू. ही बाजू विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. पण घोटाळे होतात ते येथेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१-सी प्रमाणे, नोंदणीकृत न्यास नसलेल्या कोणालाही धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर धर्मादाय कार्यालयास तशी माहिती द्यावी लागते व हिशेब सादर करावा लागतो. गणेशोत्सव मंडळे परवानगी काढतात ती याच कलमाखाली. यातला सोपा मार्ग असा की, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या नावे काहीही गोळा करू नये. महाविद्यालयाची संस्था किंवा आपल्या सोसायटीसारखा नोंदणीकृत न्यास यांच्या पावतीवर व त्यांच्या बँक खात्यातच पैसा जमा व्हावा. हल्ली मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यामुळे एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या खासगी खात्याचा क्यूआर कोड फलकावर चिकटविला जातो. हेतू चांगला असला, तरी हे अजिबात करू नये. देणगीदाराला आयकरात कलम ८०-जी ची सवलत हवी असेल, तर पावती देणारी संस्था त्या कलमाखाली मान्यताप्राप्त असली पाहिजे, आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ही सवलत मिळत नाही, हेही पावती फाडणाऱ्याला ठाऊक असावे.

पावतीपुस्तके छापील क्रमांकांची असावीत. कोणत्या स्वयंसेवकाला कोणते पुस्तक दिले याची नोंद त्याच्या सहीनिशी ठेवावी आणि कोरी राहिलेली पुस्तकेही परत घ्यावीत. डबा नेहमी दोघांनी मिळून फिरवावा; त्याला मोहोर असावी. त्याच दिवशी संध्याकाळी एक प्राध्यापक व दोन विद्यार्थी, त्यांपैकी एक विद्यार्थिनी, यांच्यासमोर मोजणी व्हावी आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडताच रक्कम भरावी. आपल्या वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट विशेष जपावी. जो घरकाम करून किंवा हातगाडी लावून पोट भरतो, तोही अशा कामाला मनापासून पाच-दहा रुपये देतो. त्याला पावती नको असते, तो ‘राहू द्या बाळा’ म्हणतो. त्यालाच आवर्जून पावती द्यावी.

कार्यक्रमाचा खर्च किती करावा? आमच्या मते जमणाऱ्या रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक नाही. ऑर्केस्ट्रा, मोठे व्यासपीठ, पाहुण्यांचे हारतुरे आणि शेवटी पुठ्ठ्याचा भलामोठा धनादेश धरून काढलेले छायाचित्र यांत निम्मे पैसे गेले, तर तो मदतनिधी कसला? त्यापेक्षा नाट्यप्रयोग, पुस्तकांची रद्दी विकणे, विद्यार्थिनींनी लावलेले खाद्यपदार्थांचे स्टॉल, माजी विद्यार्थ्यांना पाठविलेली पत्रे हे मार्ग साधे असून फलदायी आहेत. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेले माजी विद्यार्थी अशा पत्राला उत्तर देतात, फक्त पत्र छापील नसावे. आणि रुग्णाला व्यासपीठावर बसवून त्याची करुण कहाणी ऐकवू नये. त्याचे नाव व छायाचित्र फलकावर लावू नये. मदत घेणाऱ्याची मान खाली जाईल अशी मदत आपल्या परंपरेत बसत नाही.

रुग्णालयाशी संपर्क निधी जमल्यावर करण्याची पद्धत आहे. तो आधी करावा. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. कोणत्या रुग्णाला काय कमी पडते हे त्यांना ठाऊक असते. योजनेच्या कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र असतात. त्यांच्याशी बोलल्यावर कधी असे कळते की, पैशापेक्षा रेशनकार्ड व आधारमधील नावांचा मेळ घालून देणारा, अर्ज भरून देणारा विद्यार्थी अधिक उपयोगी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना हे काम सहज जमेल. तसेच रक्ताचे. केमोथेरपीच्या काळात रुग्णाला प्लेटलेट्स लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवसच टिकतात, म्हणून एकाच दिवशी दोनशे जणांनी रक्तदान करण्यापेक्षा वर्षभर पाळीपाळीने रक्तपेढीत जाणाऱ्यांची यादी तयार ठेवणे अधिक शहाणपणाचे. १८ वर्षे पूर्ण व ४५ किलो वजन असलेल्या निरोगी विद्यार्थ्याला रक्तदान करता येते. ज्याच्या खिशात २० रुपये नसतील, त्यालाही येथे जागा आहे.

हिशेब एका कागदावर मावेल इतका साधा असावा. एकूण जमा, एकूण खर्च, किती रुग्णांना किती रक्कम (नावाशिवाय), शिल्लक किती व ती कोणत्या खात्यात, एवढे पुरे. खाली प्राचार्यांची व विद्यार्थी प्रतिनिधीची सही. जागतिक कर्करोग दिनाच्या निमित्ताने गोळा केलेल्या निधीचा हा कागद फेब्रुवारी संपण्यापूर्वी सूचना फलकावर लागला पाहिजे. पुढे परीक्षा सुरू होतात, मग सुट्या लागतात, आणि ज्यांनी पैसे दिले ते विद्यार्थी तो वाचायला आवारात नसतात.