ईएसपी-३२ बोर्ड : रचना व शेतीतील उपयोग

पिकास पाणी केव्हा द्यावे, याचा निर्णय बहुधा जमिनीचा वरचा थर पाहून घेतला जातो. परंतु वरचा थर सुकला तरी मुळांशी ओल असू शकते. अशा वेळी दिलेले पाणी व वीज वाया जाते, आणि भारी जमिनीत मुळांना हवा मिळत नाही. मुळांजवळील ओलावा मोजून तो बिनतारी कळविण्यास ईएसपी-३२ हा बोर्ड उपयोगी पडतो.

रचना : शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीने ही चिप २०१६ साली बाजारात आणली. मूळ चिपमध्ये दोन प्रोसेसर, ५२० किलोबाइट स्मृती, वाय-फाय व ब्लूटूथ यांचा समावेश आहे. बोर्डावरील यूएसबी जोडणीतून संगणकाद्वारे प्रोग्रॅम भरता येतो.

जोडणी : बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टवर चालतात. ५ व्होल्टचा संकेत थेट दिल्यास चिप निकामी होऊ शकते. ओलावा-मापकाची तार ३४ किंवा ३५ क्रमांकाच्या पिनेस जोडावी. काही अन्य पिनांवर वाय-फाय चालू असताना मापन होत नाही. मात्र ३४ व ३५ या पिना केवळ संकेत घेतात, देत नाहीत. म्हणून रिले त्यांस जोडू नये.

मापन : बोर्ड ओलावा ० ते ४०९५ या आकड्यांत दर्शवितो. कपॅसिटिव्ह पद्धतीच्या मापकात माती कोरडी होईल तसा आकडा वाढतो. प्रथम त्याच शेतातील कोरड्या मातीत व नंतर भिजवून निथळलेल्या मातीत आकडा टिपावा. एका शेताचे आकडे दुसऱ्या शेतास लावू नयेत.

संदेश व वीज : हा बोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतो. घरचे वाय-फाय शेतापर्यंत पोहोचत नसल्यास बोर्ड स्वतःचे वाय-फाय निर्माण करतो, व जवळ जाऊन मोबाइलवर आकडा पाहता येतो. गाढ निद्रेत चिपला सुमारे १० मायक्रोअँपिअर प्रवाह पुरतो. संदेश धाडताना तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बॅटरीवरील बोर्ड दर अर्ध्या तासाने जागा करून पुन्हा निजवावा.

सावधगिरी : पंप बोर्डास थेट जोडू नये. रिले व स्टार्टर यांची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पहिल्या हंगामात पंप हातानेच चालवावा. मुळांजवळची माती उकरून मुठीत दाबून पाहावी व बोर्डाच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोहोंचा मेळ बसल्यानंतरच पंप बोर्डाच्या स्वाधीन करावा. ग्रामसेवकांनी हे प्रात्यक्षिक प्रथम एकाच शेतात करून दाखवावे.