कोंबड्यांची राखण

कोंबडी हे गरिबाच्या घरचे हिंडते-फिरते धन आहे. अंडी विकून मीठ-मिरची येते. मुलांच्या वह्या येतात. घरात कोणी आजारी पडले, तर एक-दोन कोंबड्या विकून औषधपाणी होते. बहुतेक घरांत हे धन बाईच्या हातचे असते. पण ते रात्री उघड्यावर राहिले, तर सकाळी अंगणात नुसती पिसे उरतात.

आपण हिशेब करून पाहू. खुडूक कोंबडीखाली १२ अंडी ठेवली. २१ दिवसांनी १० पिल्ले निघाली. घारीने ३ पिल्ले नेली. मुंगसाने २ मारली. एका रात्री रानमांजराने २ पिल्ले नेली, आणि त्यांची आईही नेली. राहिली किती? फक्त ३ पिल्ले, आणि तीही पोरकी!

चोर ओळखा

"आत्याबाई, आज दोन पिल्लं कमी झाली," सून म्हणते.

"अगं, घारीनं नेली असतील. नशीब आपलं!" सासू म्हणते.

नशिबाला बोल लावून काय उपयोग? आधी चोर कोण, ते पाहावे. चोर कळला म्हणजे उपाय सुचतो.

घार आणि कावळा दिवसा येतात. ते लहान पिल्ले उचलतात. मुंगूसही दिवसाच येते. हातभर लांबीचे हे जनावर लहानशा भोकातून आत शिरते. रानमांजर आणि कोल्हा दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत फिरतात. कोल्हा माती उकरून खालून शिरतो. उदमांजर झाडावरून छपरावर येते आणि कौले सरकलेली असली की वरून उतरते. साप अंडी आणि पिल्ले गिळतो.

या सर्वांहून मोठा चोर म्हणजे बिबट्या. तो आता फक्त जंगलात राहत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या तालुक्यांत तो उसाच्या शेतात राहतो. तिथेच त्याची पिल्ले वाढतात. कुत्री, शेळ्या आणि कोंबड्या हे त्याचे सोपे खाणे. तकलादू खुराडे तो पंजाने सहज मोडतो.

विदर्भात मेळघाट, बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत अस्वल आहे. अस्वलाचे मुख्य खाणे वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले आणि बोरे-जांभळे. ते बिबट्यासारखे शिकारी जनावर नव्हे. पण उष्टे-खरकटे किंवा उघडे धान्य यांच्या वासाने ते घराजवळ येऊ शकते. अशा वेळी माणूस एकदम समोर आला, तर ते बिचकते आणि अंगावर धावते. म्हणून खुराड्याजवळ खरकटे टाकू नये. कोंबड्यांचे दाणे झाकणाच्या डब्यात, घरात ठेवावे.

खुराडे कसे असावे?

नुसते डालगे पालथे घालून वर दगड ठेवला, तर मांजर अडेल. कोल्हा किंवा बिबट्या अडणार नाही. खुराडे पक्के हवे. ते फार मोठे नको. रात्री बसायला एका कोंबडीला एक-दीड चौरस फूट जागा पुरते.

१. जागा घराच्या भिंतीला लागून असावी. दूर शेतात किंवा उसाच्या कडेला नसावी. आसपासचे गवत व झुडपे काढून टाकावी. झुडूप म्हणजे चोराचा आडोसा.

२. तळ पक्का करावा. दगड-सिमेंटचा कोबा करावा. ते जमले नाही, तर जाळी जमिनीत फूटभर खोल पुरावी. म्हणजे उकरणाऱ्याला वाट मिळत नाही.

३. बाजूंना वेल्डची जाळी लावावी. तिची भोके अर्ध्या इंचाची असावीत. बाजारात बारीक तारेची सहाकोनी जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण चोराला बाहेर ठेवू शकत नाही.

४. वरून छप्पर पक्के असावे. पत्रा चांगला ठोकून बसवावा. वाऱ्यासाठी वरच्या बाजूला जाळी ठेवावी. हवा बंद झाली तर कोंबड्या गुदमरतात.

५. दाराला दोन कड्या असाव्यात, एक वर आणि एक खाली. एकच कडी असली, तर दार खालून वाकते आणि फट पडते.

संध्याकाळचे काम

कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. म्हणून दिवस मावळताना ती आपणहून घरी येते. तीच वेळ साधावी. उजेड आहे तोवर सर्व कोंबड्या मोजून आत घ्याव्या आणि दोन्ही कड्या लावाव्या.

हे काम अंधार पडल्यावर करू नये. लेकराला तर कधीच एकटे पाठवू नये. वाकलेला माणूस किंवा लहान मूल बिबट्याला लहान जनावरासारखे वाटते. कोंबडीपायी लेकरू धोक्यात घालायचे का?

कोंबडी मानमोडीने मेली, तर ती उकिरड्यावर टाकू नका. त्या वासाने कोल्हे, कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मेलेली कोंबडी घरापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी.

रात्री कोंबड्या ओरडल्या तर?

काठी घेऊन अंधारात धावू नका. हीच या पाठातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. आधी घरातूनच ताट किंवा डबा वाजवा. मोठ्याने बोला. खिडकीतून विजेरीचा उजेड पाडा. बहुतेक जनावर आवाजाने आणि उजेडाने निघून जाते. गेलेली कोंबडी पुन्हा पाळता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

बिबट्या कधी कधी खुराड्यातच अडकतो. तसे झाले तर गर्दी करू नका, दगड मारू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. मुलांना घरात घ्या आणि वन विभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आणखी दोन गोष्टी कधीही करू नका. मेलेल्या कोंबडीला विष लावून ठेवू नका. त्याने गावची कुत्री मरतात आणि मुलांच्याही जिवाला धोका होतो. तसेच कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडू नका. अशा तारेने माणसे मेली आहेत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बिबट्या आणि अस्वल यांना मारणे हा गुन्हा आहे. कोल्हा, मुंगूस हे तर शेतातले उंदीर खाऊन आपले धान्य राखतात. त्यांना मारण्याची गरज नाही. त्यांची वाट बंद केली की काम भागते.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण खरी. पण झाकले नाही, तर उजाडेपर्यंत कोंबडे राहत नाही!

आता हे करा

१. खुराड्याच्या दारावर खडूने रोज संध्याकाळी तारीख आणि कोंबड्यांची संख्या लिहा. सकाळी मोजून ताळा पाहा.

२. घराच्या दाराच्या आतल्या बाजूला १९२६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा.

३. तुमच्या खुराड्याला कुठे फट आहे? आज दिवसाउजेडी हात फिरवून पाहा.

४. १४ कोंबड्या होत्या. संध्याकाळी ११ आत आल्या. किती बाहेर राहिल्या? त्यांना शोधायला कोणी, कधी आणि कसे जावे? घरात सर्वांनी बसून ठरवा.