पुन्हा टाळेबंदी झाली तर?

प्रश्न : मार्च 2020 मध्ये आमच्या डोंबिवलीत दोन दिवसांत किराणा दुकानं रिकामी झाली. अशी वेळ पुन्हा येईल म्हणून वर्षाचं धान्य भरून ठेवावं का?

उत्तर : तेव्हा देशात धान्य कमी नव्हतंच. अन्न महामंडळाच्या गोदामांत राखीव निकषाहून कितीतरी जास्त गहू-तांदूळ होता. म्हणून तर एप्रिलपासून अंत्योदय व प्राधान्य कार्डांवर माणशी 5 किलो मोफत धान्य देता आलं. अडलं ते वाटेत. ट्रकचालक घरी परतले, महामार्गावरचे ढाबे बंद झाले, माल उतरवायला हमाल मिळेनात. मे महिन्यात तर वाशीची बाजार समितीच काही दिवस बंद ठेवावी लागली. खरे हाल झाले ते रेशनकार्ड गावी ठेवून शहरात राबणाऱ्यांचे, तुमचे-आमचे नव्हेत. आता ते कार्ड कुठल्याही राज्यात चालतं, घरकामाच्या ताईंना हे जरूर सांगा.

उन्हाळ्यात धान्य भरायची रीत घरात असेल तर खुशाल भरा. नसेल तर तीन आठवड्यांचे डाळ-तांदूळ, तेल आणि नेहमीची औषधं पुरेत. गहू मात्र दळून ठेवू नका, पिठाला लवकर कीड लागते.