गुण कुठे गळतात

जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीचा वर्ग घेणाऱ्याच्या वाट्याला २०२५-२६ पर्यंत दरवर्षी दोन परीक्षा यायच्या. एक पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती, जिला सगळे नुसतं ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, आणि दुसरी एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. दोन्ही पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन्हींत चार पर्याय, काळी करायची वर्तुळं आणि दीड-दीड तासाचे दोन पेपर. निकाल लागला की स्टाफरूममध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘यंदाची बॅच हुशार होती,’ नाहीतर ‘यंदा मुलंच तशी नव्हती.’ मला दोन्ही वाक्यं पटत नाहीत. मुलांचे गुण हुशारी कमी पडली म्हणून जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त इतर ठिकाणांहून गळतात, आणि ती ठिकाणं शोधता येतात. मला जी सापडली ती इथे देते.

१. गुण मांडण्याआधी कच्चं काम वाचा.

सराव चाचणी झाली की आपण उत्तरसूची घेऊन बसतो, गुण काढतो, फळ्यावर उतरत्या क्रमाने नावं लिहितो. त्यातून मुलाला तो कितवा आहे तेवढं कळतं. मी प्रश्नपत्रिकाही परत घेते आणि समासातली, मागच्या पानावरची आकडेमोड बघते. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलांनी स्वतः एक अक्षर लिहायचं: ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘व’ म्हणजे वाचण्यात चुकलं, ‘ग’ म्हणजे उत्तर बरोबर पण वर्तुळाची गडबड. सुरुवातीला सगळे ‘व’च लिहितात, कारण ‘न’ लिहायची लाज वाटते. मग तोच प्रश्न मोठ्याने वाचायला लावायचा. निम्म्यातच जो ‘हां बाई, आलं लक्षात’ म्हणतो त्याचा ‘व’ खरा. जो शेवटपर्यंत वाचून गप्प उभा राहतो त्याला तो घटक पुन्हा शिकवायचा. हे केल्याशिवाय जादा तास घेण्यात मला अर्थ वाटत नाही. ‘व’वाल्या मुलाला तेच सूत्र तिसऱ्यांदा शिकवून काय होणार?

२. गणिताचा पेपर आधी मराठीचा असतो.

१ ते १०० मध्ये मूळ संख्या २५, हे आमच्या वर्गात झोपेतून उठवलं तरी सांगतात. पण ‘१ ते १०० मध्ये संयुक्त संख्या किती?’ असं विचारा. शंभरातून पंचवीस गेले, पंच्याहत्तर, आणि वर्तुळ काळं झालंसुद्धा. उत्तर ७४ आहे, कारण १ ही संख्या मूळही नाही आणि संयुक्तही नाही. पर्यायांत ७५ असतोच. पेपर काढणारा पर्याय असेच कुठून तरी उचलून ठेवत नाही. मूल जिथे घसरेल त्या जागी तो बसलेला असतो. म्हणून चुकीचे तीन पर्याय कुठल्या चुकीतून आले असतील हे मुलांकडून शोधून घेणं हा माझ्या मते सगळ्यात कामाचा गृहपाठ. त्यात त्यांना मजाही येते, पेपर काढणाऱ्याची चोरी पकडल्यासारखी.

‘अचूक नसलेला पर्याय निवडा’, ‘गटात न बसणारे पद ओळखा’, ‘पुढीलपैकी कोणते विधान असत्य आहे?’ यांत नकार कुठे आहे त्याला पेन्सिलने गोल करायची सवय लावावी लागते. रोज परिपाठानंतर एक शाब्दिक उदाहरण मी फक्त वाचायला देते. काय दिलंय आणि काय विचारलंय, एवढंच सांगायचं, सोडवायचं नाही. हुशार मुलांना हे अजिबात सहन होत नाही. त्यांची पेन्सिल आधीच कागदावर टेकलेली असते.

३. दोन उत्तरांचा प्रश्न.

आठवीच्या स्कॉलरशिपमध्ये प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न आणि १५० गुण असायचे. त्यातल्या जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांना दोन पर्याय अचूक असायचे आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळायचे. वीस टक्के म्हणजे पंधरा प्रश्न, तीस गुण. पात्र व्हायला प्रत्येक पेपरात चाळीस टक्के, म्हणजे साठ गुण लागायचे. हा हिशोब मुलांसमोर फळ्यावर मांडला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. चार वर्षं इतर परीक्षांत ‘एकच योग्य पर्याय’ अशी सवय लागलेली असते. पहिलं बरोबर उत्तर सापडलं की मूल पुढे निघतं.

४. बहात्तर सेकंद हे खोटं गणित आहे.

नव्वद मिनिटांत ७५ प्रश्न म्हणजे प्रश्नाला बहात्तर सेकंद, असं मार्गदर्शन वर्गात सांगतात. एनएमएमएसला तर नव्वद मिनिटांत ९० प्रश्न. पण समानार्थी शब्दाला दहा सेकंद पुरतात आणि उताऱ्याला तीन मिनिटं. मुलांना मी फेऱ्या घालायला सांगते: पहिल्या फेरीत बघताक्षणी येणारे, दुसरीत थोडं बसावं लागणारे, तिसरीत उरलेले. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही वर्तुळ रिकामं सोडायचं नाही.

फेऱ्यांचा एक धोका मात्र आहे. प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेवरची ओळही सोडावी लागते. ती विसरली की पुढची सगळी उत्तरं एक-एक घर सरकतात, आणि बॉलपेनने केलेलं वर्तुळ खोडता येत नाही. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायचा, एवढा साधा उपाय आहे.

५. बुद्धिमत्ता चाचणीला बुद्धीचं माप समजू नका.

हा विषय शाळेच्या वेळापत्रकात नाही, त्याचं पाठ्यपुस्तक नाही, आणि स्कॉलरशिपच्या पेपरात मात्र त्याला १०० गुण असायचे. एनएमएमएसचा तर एक अख्खा पेपर त्यावर. सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, दिनदर्शिका, आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, सहा बाजूंनी रंगवलेला ठोकळा. आरशात घड्याळ ३ वाजून ४० मिनिटं दाखवतंय, तर खरी वेळ किती? ज्याने हे आधी केलंय तो ११:६० मधून ३:४० वजा करतो आणि ८:२० लिहून मोकळा होतो. ज्याने पहिल्यांदाच पाहिलंय तो डोळे मिटून आरसा आठवत बसतो. दुसऱ्याची बुद्धी जास्त राबते, गुण पहिल्याला मिळतात.

हा सगळ्यांत लवकर सुधारणारा विषय आहे, हे प्रत्येक बॅचला दिसतं. दोन महिन्यांत बुद्धी वाढत नसते. वाढते ती ओळख. तालुक्याच्या गावात क्लास लावलेल्या मुलाची ती ओळख चौथीतच झालेली असते, दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाची परीक्षेच्या दिवशी होते. पालकसभेत कुणी ‘बाई, आमच्या पोराला बुद्धिमत्तेत कमी पडलेत, म्हणजे डोकं कमी का?’ विचारलं की मी त्यांना घरातला आरसा आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसायला सांगते.

६. चाळणी लावू नका.

शाळेचा निकाल शेकडा शंभर दिसावा म्हणून मोजकीच मुलं बसवायची, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच ती उघड बोलत नाही. निवडलेल्या दहांना जादा तास, बाकीच्यांना शुद्धलेखन. मग फ्लेक्सवर फोटो. माझा याला विरोध आहे, आणि तो फक्त न्यायाचा मुद्दा म्हणून नाही. चाळणी आपण पहिल्या चाचणीवरून लावतो, आणि पहिली चाचणी वर दिलेल्या सगळ्या गळत्यांनी भरलेली असते. आपण मुलं निवडत नाही, आधी सराव झालेली घरं निवडतो.

७. सर्वेक्षण आणि परीक्षा वेगळ्या ठेवा.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं, २०२४ च्या डिसेंबरात ते ‘परख’ या नावाने झालं. त्यात नमुना म्हणून काही शाळा घेतात आणि अंदाज जिल्ह्याचा, राज्याचा काढतात. मुलाला त्यात गुणपत्रक मिळत नाही. तरी तारीख जवळ आली की वरून सराव संच येतात. ताप मोजण्याआधी कपाळावर ओली पट्टी ठेवण्याचा हा प्रकार, दुसरं काय.

८. पात्र, निवड आणि खात्यात पैसे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एनएमएमएसमध्ये निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. गावातली शाळा आठवीला संपते, पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावात. अशा वेळी मुलीला पुढे पाठवायचं की नाही या घरातल्या चर्चेत ही रक्कम बोलते. मी ते ऐकलं आहे. म्हणून हा भाग मला पेपराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा आहे, तोही जिल्हा आणि प्रवर्गानुसार वाटलेला. त्यामुळे चाळीस टक्के मिळवून पात्र झालेली पुष्कळ मुलं निवड यादीत नसतात, आणि घरी पेढे वाटून झालेले असतात. हे आधीच समजावून सांगावं. पात्र होऊन निवड हुकलेल्या मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेची वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज वेगळा.

निवड झालेल्यांचंही काम तिथे संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा, शाळेकडून पडताळणी करून घ्यायची, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करायचं. आधारवर ‘सुवर्णा’, दाखल्यावर ‘सुवर्ण’, बँकेत वडिलांच्या जागी आजोबांचं नाव, एवढ्यावर पैसे अडकतात. मूल नववीत दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं. तिथल्या बाबूला ही परीक्षा ठाऊक नसते आणि आमच्याकडे पटावर ते मूल नसतं. विनाअनुदानित शाळेत किंवा नवोदयला प्रवेश घेतला तर हक्कच जातो, हेही पालकांना कुणी सांगत नाही. आता मी सप्टेंबरातच, अभ्यास सुरू करण्याआधी, सगळ्या मुलांची आधारकार्डं आणि जनरल रजिस्टर शेजारी ठेवून नावं ताडून पाहते. दुरुस्तीला तीन-तीन महिने जातात, आणि तालुक्याच्या आधार केंद्रावरची रांग सकाळी आठला लागते.