अग्निबाण कोसळतो तेव्हा

१० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी भारताचा पहिला उपग्रह-प्रक्षेपक, एस.एल.व्ही.-३, श्रीहरिकोटा येथून आकाशात झेपावला. पहिला टप्पा ठरल्याप्रमाणे पार पडला. दुसऱ्या टप्प्यात मात्र नियंत्रण यंत्रणा निकामी झाली आणि काही मिनिटांतच अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. ज्या घन इंधनावर तो उडाला, ते स्वदेशात सिद्ध करण्यात डॉ. वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. दोष त्या इंधनाचा नव्हता. पण बुडालेल्या अग्निबाणाच्या बातमीत एवढा बारकावा कोठून उरणार?

त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे न करता त्यांनी अपयशाची जबाबदारी स्वतः घेतली. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र बोलण्यास त्यांनी कलामांना पाठवले. ही आठवण कलाम पुढे अनेकदा सांगत. इस्रोच्या नोंदीत १९७९ चे ते उड्डाण ‘अंशतः यशस्वी’ ठरले आहे. शब्द खोटा नाही. परंतु उपग्रह कक्षेत गेला नाही, ही मुख्य गोष्ट त्याच्या आड राहते. जनतेच्या पैशाचा हिशेब देणाऱ्या संस्थेला असा मवाळ शब्द जवळचा वाटावा, हे समजण्यासारखे आहे.

खासगी कंपनीला ग्राहक आणि गुंतवणूकदार टिकवायचे असतात. ती अपेक्षाच आधी खाली आणते. २० एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेत स्पेसएक्स कंपनीचे स्टारशिप प्रथमच पूर्ण रूपात उडाले. प्रक्षेपणतळापासून पुरेसे दूर गेले तरी ते यश मानू, असे कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी आधीच सांगून ठेवले होते. सुमारे चार मिनिटांनी यानाचा स्फोट झाला. कंपनीने त्याला ‘वेगवान, अनियोजित विघटन’ म्हटले. अभियंत्यांचा हा जुना विनोद. तळाखालचे काँक्रीट मात्र विनोदाने उखडले नव्हते. हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने उड्डाणे थांबवून ६३ सुधारणांची यादी कंपनीच्या हाती ठेवली.

इस्रोलाही नेहमीच आडपडदा लागतो असे नाही. ७ ऑगस्ट २०२२ रोजी एस.एस.एल.व्ही. या लहान प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले. उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळात गेले. ते आता निरुपयोगी झाले आहेत, असे इस्रोने त्याच दिवशी सांगितले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच प्रक्षेपकाचे दुसरे उड्डाण यशस्वी झाले.