पहारा उठवायला सांगणारं सॉफ्टवेअर

तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एक डीटीपीवाले सीपीयू घेऊन आले. "दादा, एकही फाइल उघडत नाहीये." चालू करून पाहिलं, तर लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सगळ्या फाइलींच्या नावामागे चार अनोळखी अक्षरं लागलेली. फोल्डरमध्ये इंग्रजी चिठ्ठी: फाइली परत हव्या असतील तर 980 डॉलर भरा, 72 तासांत भरले तर 490.

हे 'स्टॉप-डीजेव्हीयू' रॅन्समवेअर. 2018पासून फिरतंय आणि मुख्यतः क्रॅकमधून, म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरच्या फुकट, चोरट्या प्रतींमधून येतं. यांनीही महागड्या डिझाइन सॉफ्टवेअरचा क्रॅक उतरवला होता. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' त्यांनी केला. मग परवानगीची चौकट आली: वर पिवळी पट्टी, खाली 'पब्लिशर: अननोन'. त्यांनी 'येस' दाबलं. लगेच विंडोज अपडेटची खिडकी उघडली, म्हणून ते निर्धास्त राहिले. ती खिडकी खोटी होती. तिच्याआड एकेक फाइल कुलूपबंद होत होती.

ती चौकट लोकांना कटकट वाटते. पण तिथे 'येस' म्हणताच त्या प्रोग्रॅमला ॲडमिनचे अधिकार मिळतात. त्याच अधिकारांवर या व्हायरसने विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती पुसल्या आणि मदतीच्या वेबसाइटच उघडू नयेत अशी सोय केली.

म्हणून कळकळीने सांगतो. जे सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद करायला सांगतं, ते तिथेच डिलीट करा. सॉफ्टवेअर कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या. परवानगीच्या चौकटीत पब्लिशरचं नाव वाचा. आपण स्वतः काही इन्स्टॉल करत नसताना ती चौकट आली, तर 'नो'च म्हणा.

रोजच्या कामाला स्टँडर्ड अकाउंट वापरा आणि ॲडमिनचा पासवर्ड जबाबदार माणसाकडेच ठेवा. मात्र तेवढ्याने भागत नाही. तुमच्या स्वतःच्या फाइली बिघडवायला व्हायरसला ॲडमिन व्हावं लागत नाही. म्हणून विंडोज सिक्युरिटीत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू करा, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्सना हात लावता येत नाही. शिवाय कामाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही व्हायरसच्या तावडीत सापडते.

एवढं करूनही घात झालाच, तर आधी इंटरनेट तोडा. खंडणी भरू नका, पैसे घेऊन ते फाइली देतीलच याची हमी नाही. असे व्हायरस अनेकदा पासवर्डही चोरतात, त्यामुळे बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून लगेच बदला. 1930वर किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. बिघडलेल्या फाइली पुसू नका. 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही प्रकारांची कुलपं फुकट उघडणारी साधनं मिळतात, आज नाही तर उद्या उपयोग होऊ शकतो.

महाग सॉफ्टवेअर परवडत नाही, ही अडचण खरी आहे. पण इंकस्केप, गिंप, स्क्रायबस ही साधनं खरोखर मोफत आहेत आणि युनिकोड मराठीत चालतात. हात बसायला थोडे दिवस लागतील, तेवढे द्या. गिऱ्हाइकांनी विश्वासाने सोपवलेलं काम त्यामुळे सुरक्षित राहील.