उन्हातली छोटी शर्यत

काही वर्षांपूर्वीची एप्रिलमधली गोष्ट. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात मुलांचे उन्हाळी शिबिर होते आणि शेवटच्या दिवशी शर्यती ठेवल्या होत्या. सकाळी आठला सुरुवात करायचे ठरले होते. पाहुणे उशिरा आले, मग स्वागत झाले, मग दोन भाषणे झाली. मुलींची आठशे मीटरची शर्यत लागली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. शिट्टी माझ्याच हातात होती. दुसऱ्या फेरीत तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी झोकांड्या खाऊ लागली आणि रेषेच्या अलीकडेच कोसळली. आम्ही प्रथमोपचाराची पेटी शोधू लागलो, कोणी गाडी आणायला धावले, कोणी कांदा आणा म्हणून ओरडले. तेवढ्यात पाणी घेऊन वरच्या वाडीकडे निघालेली एक आजी मैदानात शिरली आणि डोक्यावरचा अख्खा हंडा तिने त्या मुलीच्या अंगावर ओतला. "आधी पोर निववा, मग गाडी बघा," एवढेच ती म्हणाली.

मुलगी सावरली. पुढे मी या विषयावर वाचले, डॉक्टरांना विचारले, तेव्हा कळले की त्या दिवशी मैदानावर योग्य तेच करणारी ती एकटी आजी होती. हा पाठ मी खरे तर माझ्यासाठी लिहिला आहे. पण आपल्यापैकी अनेक जण शिबिरांत, मेळाव्यांत आणि संडेस्कूलच्या खेळांत मुलांना धावायला उभे करतात. त्यांच्याही तो उपयोगी पडावा.

आधी थोडे गणित. धावताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव भाग पाय पुढे नेण्यात खर्च होतो. बाकीची सगळी उष्णता होते. माणूस एक किलोमीटर धावला की वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी जळते, आणि ती उष्णता अंगाबाहेर गेलीच नाही असे धरले तर शरीराचे तापमान जवळजवळ एक अंश सेल्सिअसने चढते. मुलगा जाडा असो की बारीक, हिशेब तोच. म्हणजे आठशे मीटरला पाऊण अंश आणि सोळाशे मीटरला दीड अंश. सदतीस अंशांवर सुरुवात केली तर सोळाशे मीटरच्या शेवटी साडेअडतीस, आणि निरोगी तरुणाला त्यात काहीच धोका नाही. पण तोच तरुण तीन तास उन्हात रांगेत उभा राहून, वर जोरदार वॉर्मअप करून साडेअडतीसवरच सुरुवातीच्या रेषेला आला, तर तो चाळीसला पोचतो. डॉक्टर ज्याला उष्माघात म्हणतात त्याची हद्द तिथे लागते.

म्हणून लांब आणि छोट्या शर्यतीत फरक करावा लागतो. मॅरेथॉनमध्ये धावता धावता पाणी पिणे, ओला स्पंज घेणे याला अर्थ आहे, कारण तिथे दोन-तीन तास उष्णता बाहेर टाकत राहावे लागते. पाच-सहा मिनिटांच्या शर्यतीत धावताना पाणी पिऊन काहीही होत नाही. ते पोटातून रक्तात जाईपर्यंत शर्यत संपलेली असते. छोट्या शर्यतीत थंड राहण्याचे काम शिट्टी वाजण्याआधीच करायचे असते.

आपल्या भागात हा प्रश्न केवळ शाळेच्या खेळांचा नाही. आश्रमशाळांच्या स्पर्धा बहुधा थंडीत होतात, तिथे फारशी काळजी नसते. खरी काळजी पोलीस भरतीची आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतली कितीतरी मुले-मुली बारावीनंतर याच एका आशेवर धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. मुलाने सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवले तर वीसपैकी वीस गुण, मुलीने आठशे मीटर दोन मिनिटे पन्नास सेकंदांत संपवले तर तेवढेच. २०२४ च्या भरतीत सतरा हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एकेक सेकंदाला घरादाराचे भवितव्य टांगलेले असते, मग ऊन लागते म्हणून थांबायला कोण तयार होईल? २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत भरतीच्या धावण्यात किमान चार तरुण दगावले. तेव्हा अंतर पाच किलोमीटर होते. आता ते बरेच कमी आहे, पण त्या तरुणांचा प्रवास आणि रांग आजही तशीच आहे. रात्रभर एसटीने जायचे, स्टँडवर किंवा फूटपाथवर दोन तास पडायचे, पहाटे चारला रांगेत लागायचे, पोटात चहा-बिस्किट, आणि नंबर लागतो तेव्हा सूर्य डोक्यावर.

नुसते उन्हात थांबणेही किती महागात पडते हे आपण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लोक सकाळपासून उघड्या मैदानात बसले होते. कोणी धावले नव्हते. तरी चौदा जण गेले.

तर सावलीपासून सुरुवात करावी. ज्याला धावायचे आहे त्याने नंबर येईपर्यंत सावलीत बसावे. सावली नसेल तर छत्री, पंचा, काहीही डोक्यावर धरावे. छत्री घेऊन रांगेत उभे राहायला मुलांना लाज वाटते, ती मोडून काढणे हे आपले काम. टोपी, मान, कोपरापर्यंतचे हात ओले ठेवावेत. बादलीभर पाणी मिळाले तर दहा-पंधरा मिनिटे दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवून बसावे, कारण हातांच्या शिरांतून रक्त निवत जाते. वॉर्मअप थंडीत वीस-पंचवीस मिनिटे करतो, तो उन्हात आठ-दहा मिनिटांत आटपावा आणि तोही सावलीत. मात्र पायांवर गार पाणी ओतून घेऊ नये. गारठलेला स्नायू मंद चालतो. शंभर मीटर धावणाऱ्याला तर गरम हवा थोडी मदतच करते, त्याने डोके थंड आणि पाय गरम ठेवावेत.

पाण्याबद्दल दोन टोके दिसतात. एक जण पोट जड होईल म्हणून सकाळपासून घोटभरही पीत नाही, आणि दुसरा रेषेला जाण्याआधी अख्खी बाटली रिकामी करून पोटात डुचमळत धावतो. साठ किलोच्या मुलाने शर्यतीच्या चारेक तास आधी तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी प्यावे, पुढे रांगेत असताना तहान लागेल तसे थोडे थोडे घ्यावे. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. फार वेळ घाम गाळत थांबायचे असेल तर मीठ-साखरेचे पाणी बरे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घरी नाचणीची आंबील किंवा ताक होत असेल तर उत्तमच, पण ते आदल्या दिवशी पोटभर आणि सकाळी माफक. मैदानाबाहेर ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने यांच्या वाटेला कोणी जाऊ नये. त्यातली काही हृदयावर ताण देतात आणि अंगातली उष्णता वाढवतात. ताप, जुलाब किंवा दोन रात्रींची झोप नसेल तर शरीर ऊन पेलत नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. त्या दिवशी सांगून कोणी ऐकत नाही.

घामाचेही एक समजून घ्यावे. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो अंगावर वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि टपकून मातीत पडलेला थेंब काहीच नेत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, घाम चटकन वाळतो. तोच मुलगा जूनमध्ये मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत गेला की घामाने निथळतो आणि तरी अंग निवत नाही. आहुपे किंवा घाटघरच्या वाऱ्यावर सराव केलेल्या मुलाला हा फरक फार जाणवतो. त्याने पहिली फेरी जरा राखून धावावी. पाच मिनिटे दहा सेकंदांसाठी चारशे मीटरची फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत पडते, उन्हात पहिली फेरी एकोणऐंशी-ऐंशी सेकंदांत गेली तरी बिघडत नाही. पहिल्याच फेरीत सत्तर सेकंद लावणारे पुढे कुठे दिसतात ते मी पाहिले आहे.

शरीराला उन्हाची सवय लावता येते आणि तिला दहा ते चौदा दिवस लागतात. रोज तासभर हलक्या श्रमाने उन्हात राहिले, पहिले काही दिवस अगदी सावकाश, की घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो आणि नाडी शांत राहते. सराव सोडला की दोन-तीन आठवड्यांत ही सवय जाते. हिरडा वेचायला रानात जाणाऱ्या मुलांना ती काही अंशी आपोआप लागते. वसतिगृहाच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेल्या मुलांना लागत नाही. मात्र वेगाचा सराव गारव्यातच करावा. इथे आपल्या तालुक्यांची अडचण आहे. पहाटे अंधारात धावायला गेले तर बिबट्याची भीती, विशेषतः ऊस आणि रस्ता लागून असेल तिथे. म्हणून चार-पाच जणांनी मिळून, चांगले उजाडल्यावर निघावे आणि साडेसातपर्यंत परतावे.

आयोजकांच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट असते ती म्हणजे घड्याळ. २०१९ मध्ये दोहा येथे जागतिक स्पर्धेतील महिलांची मॅरेथॉन उष्णतेमुळे मध्यरात्री सुरू केली, तरीही अडुसष्टपैकी अठ्ठावीस जणींना ती पूर्ण करता आली नाही. जगातल्या निवडक धावपटूंची ही स्थिती असेल तर आपल्या शिबिरातल्या अनवाणी मुलींना साडेअकराला उभे करण्याचा आपल्याला काय अधिकार? शर्यती आधी घ्याव्यात आणि भाषणे नंतर, मांडवात. पाहुणे उशिरा आले तर त्यांनी बक्षीस-वाटप पाहावे.

आणि तरीही कोणी कोसळले तर? नुसती चक्कर असेल, बोलणे नीट असेल, तर सावलीत आडवे करून पाय वर उचलावेत, घोट घोट पाणी द्यावे. पण असंबद्ध बोलणे, माणसे न ओळखणे, झोकांडी, उलटी, बेशुद्धी यांपैकी काही दिसले की तो उष्माघात समजावा. अंग कोरडे असते असे आपण ऐकलेले असते. धावणाऱ्याचे अंग बहुधा घामाने ओलेच असते, त्यावर विसंबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉल देऊ नये, हा ताप त्या गोळीने उतरत नाही. कांद्यात वेळ घालवू नये. एकाने १०८ ला फोन लावावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग गार करायला घ्यावे. गळ्यापर्यंत पाण्यात बुडवणे सर्वांत चांगले, डोके मात्र एकाने धरून ठेवायचे. टाकी नसेल तर ताडपत्री घ्यावी. पावसाळ्यासाठी ती घरोघर असतेच. मुलाला तिच्यात निजवून चौघांनी कडा उचलून धराव्यात आणि पाणी ओतून हलवत राहावे. तेवढे पाणी नसेल तर ओली फडकी सतत बदलत वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात अंग निवले तर जीव वाचण्याची आशा फार मोठी असते. आपल्या वाड्यांतून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचायला घाटाच्या रस्त्याने तास-दीड तास सहज जातो. गाडीची वाट बघत बसलो तर तो अर्धा तास मैदानातच संपतो.

मे महिन्यात या वाड्यांत पाणी डोक्यावरून आणावे लागते, हे आपण सारे जाणतो. त्यामुळे खेळाच्या दिवशी दोनशे लिटरचा एक पिंप भरून मैदानाच्या कडेला ठेवायचा तर ते पाणी आदल्या दिवशी टँकरने किंवा आपल्या गाडीने न्यायला हवे, गावच्या हंड्यांतून घेऊ नये. आम्ही आता तसे करतो. सोबत ताडपत्री, चार बादल्या आणि मग असतात. शर्यती सुरू होण्याआधी मोठ्या मुलांकडून एकदा ताडपत्री उचलून पाहतो. गेल्या खेपेला ताडपत्रीत निजायला सगळीच पोरे पुढे आली, आणि निम्मे पाणी तिथेच संपल्यामुळे पिंप पुन्हा भरून आणावा लागला.